साल्मोनेलाच्या मीडियाची तयारी: प्लेटपासून मागे मोजत

अन्नाच्या नमुन्यातून साल्मोनेला हा जिवाणू वेगळा करायचा असेल तर मीडियाचं (जिवाणू वाढवायच्या पोषक माध्यमांचं) वेळापत्रक उलटं मांडा. प्लेटवर (बशीतल्या घट्ट अगारवर) रेघा कधी ओढायच्या ते आधी ठरवा, मग मागे मोजत पहिल्या ब्रॉथपर्यंत (पातळ माध्यमापर्यंत) या. आयएसओ ६५७९-१ या साल्मोनेला शोधण्याच्या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे पहिल्या दिवशी बफर्ड पेप्टोन वॉटर, दुसऱ्या दिवशी निवडक (इतर जिवाणूंना दाबणारा) ब्रॉथ, तिसऱ्या दिवशी प्लेट आणि चौथ्या दिवशी वाचन.

पेप्टोन वॉटरमध्ये अवघड काही नाही. १२१ अंशांवर १५ मिनिटं ऑटोक्लेव्ह करा, म्हणजे दाबाच्या वाफेने निर्जंतुक करा. २५ ग्रॅम नमुन्याला २२५ मिली लागतं. ऑटोक्लेव्हमध्ये थोडं पाणी उडतं, म्हणून निर्जंतुक झाल्यावर मोजून भरा. फ्रिजमधली बाटली तशीच वापरू नका, आधी खोलीच्या तापमानाला येऊ द्या. वाळवण्या-गोठवण्यात जखमी झालेले जिवाणू इथे सावरायचे असतात.

खरी काळजी पुढे. आरव्हीएस (रॅपापोर्ट-व्हासिलियाडिस सोया) या निवडक ब्रॉथमध्ये मॅग्नेशियम क्लोराइड भरपूर असतं, त्यामुळे पावडर हवेतली ओल झपाट्याने ओढते. वजन झालं की झाकण लगेच घट्ट लावा. गोळे झालेली पावडर टाकून द्या. हा ब्रॉथ ११५ अंशांवरच ऑटोक्लेव्ह करायचा आणि पीएच ५.२ च्या आसपास आहे ना ते तपासायचं. इनक्युबेटर ४१.५ अंशांवर आदल्या दिवशीच स्थिर करून ठेवा. सोबतच्या दुसऱ्या निवडक ब्रॉथचा, टेट्राथायोनेटचा, बेस आधी करता येतो, पण आयोडीन वापरायच्या दिवशीच, बेस पूर्ण गार झाल्यावर घाला आणि त्यानंतर अजिबात तापवू नका. तळाशी बसणारा पांढरा गाळ कॅल्शियम कार्बोनेटचा असतो. तो खराबी नव्हे. नळ्यांत भरताना मात्र फ्लास्क सतत हलवत राहा, नाहीतर सगळा गाळ शेवटच्या नळीत जातो.

आता प्लेट. एक्सएलडी (झायलोज लायसिन डिऑक्सिकोलेट) अगार ऑटोक्लेव्हमध्ये घालू नका. हॉटप्लेटवर ढवळत उकळी फुटू द्या, फुटताच उतरवा आणि ५० अंशांच्या वॉटर बाथमध्ये ठेवा. जास्त तापला की साका धरतो. हेक्टोएन, एसएस (साल्मोनेला-शिगेला) आणि बिस्मथ सल्फाइट या निवडक अगारांनाही हाच नियम. ब्रिलियंट ग्रीन अगार मात्र ऑटोक्लेव्ह होतो. हातच्या सवयीने सगळे फ्लास्क एकाच फेरीत ढकलले जातात, म्हणून प्रत्येकावर आधीच ठळक लिहून ठेवा. बिस्मथ सल्फाइटच्या प्लेट आदल्या दिवशी ओता, अंधारात ठेवा. दोन दिवसांनी त्यांची निवडकता ओसरते. कोणतीही प्लेट असो, पृष्ठभाग कोरडा हवा, नाहीतर कॉलन्या एकमेकींत मिसळतात.

दुसरी प्लेट निवडताना थोडा विचार करा. एक्सएलडीवर साल्मोनेला लाल, काळ्या मध्याचा दिसतो, पण हायड्रोजन सल्फाइड न बनवणारे प्रकार तिथे काळे होत नाहीत आणि लॅक्टोज पचवणारे पिवळे दिसू शकतात. जोडीला हेक्टोएन घेतला तर तोही हीच दोन लक्षणं पाहतो. माझ्या मते ती जोडी कमी कामाची. ब्रिलियंट ग्रीनला हायड्रोजन सल्फाइडशी देणंघेणं नाही आणि बिस्मथ सल्फाइटला लॅक्टोजशी नाही. टायफीचा (विषमज्वराच्या साल्मोनेलाचा) संशय असेल तर बिस्मथ सल्फाइटच घ्या, कारण ब्रिलियंट ग्रीनवर तो नीट वाढत नाही.

निवडक मीडियाच्या प्रत्येक नव्या बॅचला कंट्रोल (ओळखीचे जिवाणू) लावा: साल्मोनेला टायफीम्युरियम एटीसीसी १४०२८ (एटीसीसी म्हणजे जिवाणूंचा प्रमाणित संग्रह) नीट वाढायला हवा आणि एंटेरोकोकस फीकॅलिस एटीसीसी २९२१२ दबलेला दिसायला हवा. ई. कोलाय एटीसीसी २५९२२ एक्सएलडीवर वाढलाच तर पिवळा. नुसती वाढ पाहून बॅच पास करू नका. सगळंच वाढू देणारी प्लेट निवडक कसली?

आणि न्यूट्रिएंट अगार, म्हणजे निवडक नसलेला साधा अगार, विसरू नका. निवडक प्लेटवरच्या सुबक कॉलनीखाली दबलेले दुसरे जिवाणू जिवंत असू शकतात. ती कॉलनी आधी न्यूट्रिएंट अगारवर शुद्ध करून घ्या, मग ओळख पटवणाऱ्या चाचण्या: टीएसआय (ट्रिपल शुगर आयर्न अगार), युरिया आणि सीरम.