घर मागे जोडून निघण्याआधी

तयारी वजनकाट्यापासून सुरू होते, बॅगा नंतर. निघायच्या आठ दिवस आधी पिकअपमागे जोडायच्या राहत्या ट्रेलरमध्ये सगळं सामान एकदा खरोखर भरा, म्हणजे अंथरुणं, भांडी, सिलिंडर, पाणी, सगळं. येणारी माणसं पिकअपमध्ये बसवा आणि कळंबोली गाठा. आम्हा खारघरकरांना ते जवळ पडतं, आणि स्टील मार्केटमुळे तिथे ट्रक तोलायच्या काट्यांना तोटा नाही. सकाळी लवकर गेलात तर ट्रकची रांगही लागत नाही.

तीन वजनं घ्यायची. आधी पिकअप आणि ट्रेलर दोन्ही काट्यावर. मग ट्रेलर जोडलेलाच ठेवून पिकअप थोडी पुढे घ्यायची, म्हणजे काट्यावर फक्त पिकअपची चाकं राहतील आणि ट्रेलरची चाकं खाली. शेवटी ट्रेलर सोडून पिकअप एकटी. समजा आकडे आले ३,१००, २,२३० आणि २,१२०. पहिल्यातून तिसरा वजा केला की ट्रेलरचं वजन कळलं, ९८० किलो. दुसऱ्यातून तिसरा वजा केला की हुकावर, म्हणजे ट्रेलर जोडायच्या पिकअपच्या मागच्या टोकावर, पडणारा भार कळला, ११० किलो. हा भार ट्रेलरच्या वजनाच्या १० ते १५ टक्के हवा. इथे तो साधारण ११ टक्के आहे, म्हणजे ठीक. पण हुकाच्या पत्र्यावर आणि गाडीच्या पुस्तकात कमाल मर्यादा दिलेली असते, ती कमी असेल तर तीच पाळायची. पुस्तकात ओढण्याच्या वजनाचे दोन आकडे असतात, ब्रेक असलेल्या ट्रेलरसाठी एक आणि बिनब्रेकच्या ट्रेलरसाठी एक, आणि त्या दोन्हींत बराच फरक असतो. काटा १० किलोच्या टप्प्याने आकडा दाखवत असेल तर हुकाचा भार घरी पुन्हा तपासा. ट्रेलरची चाकं अडवून कपलिंग, म्हणजे ट्रेलरच्या तोंडाचा गाडीला अडकणारा भाग, नेहमीच्या उंचीला धरायचं आणि त्याखाली लाकडी ठोकळा ठेवून तो बाथरूमच्या वजनकाट्यावर टेकवायचा.

मी या आकड्यांवर एवढा का अडून बसतो, ते सांगतो. मुंबई-गोवा हायवेने एका लग्नाला निघालो होतो. जागा मोकळी होती म्हणून तांदळाच्या २५ किलोच्या दोन गोण्या ट्रेलरच्या अगदी मागच्या कप्प्यात टाकल्या. पाण्याची टाकीही मागेच, ६० लिटरची, काठोकाठ भरलेली. म्हणजे एक क्विंटलहून जास्त वजन चाकांच्या मागे गेलं आणि हुकावरचा भार नाहीसा झाला. कर्नाळा खिंड उतरून पुढे आलो, वेग जेमतेम ६५. उजवीकडून एक कंटेनर पुढे गेला आणि त्याच्या हवेच्या झोताने ट्रेलरचं शेपूट हललं. आधी हलकंसं, मग डावीकडे, मग त्याहून जास्त उजवीकडे. पिकअपचा मागचा भाग कुणीतरी धरून हलवतंय असं वाटत होतं. पाय अॅक्सिलरेटरवरून काढला, स्टिअरिंग सरळ धरून ठेवलं, ब्रेक मारला नाही. पाच-सहा झोके खाऊन ट्रेलर शांत झाला. खारपाडा पुलाच्या अलीकडे कडेला थांबलो, अर्धी टाकी सोडून दिली आणि गोण्या चाकांच्या किंचित पुढे, फरशीवर आणून ठेवल्या. पुढचा सगळा प्रवास त्याच रस्त्याने, त्याच वेगाने झाला, ट्रेलर एकदाही हलला नाही.

म्हणून जड वस्तू खाली ठेवायच्या, चाकांच्या जवळ आणि थोड्या पुढे. वरच्या कपाटात फक्त कपडे आणि चादरी. पाणी शक्यतो मुक्कामाला पोचल्यावर भरा, पेण-माणगावला पाणी मिळतंच. आणि असा झोका आलाच तर स्टिअरिंग उलटसुलट फिरवून तो सावरायला जाऊ नका, त्याने तो वाढतो.

आता जोडणी. पिकअपच्या हुकावरचा गोळा, म्हणजे बॉल, आणि कपलिंग एकाच मापाचे आहेत ना, हे बॉलवर कोरलेला आकडा वाचून ठरवा, नजरेने नको. कपलिंग बसवून खटका लावला, पिन घातली, की पुढचं छोटं चाक फिरवून ट्रेलरचं तोंड वर उचला. त्याबरोबर पिकअपचे पाटेही (मागच्या स्प्रिंगा) वर उठले पाहिजेत. कपलिंग एकटंच बॉलवरून सुटून वर आलं तर ते लागलेलंच नव्हतं. मी ही तपासणी प्रत्येक वेळी करतो, चहाला थांबून परत निघतानाही. साखळ्या कपलिंगच्या खालून एकमेकींवर फुली मारून लावायच्या, म्हणजे कपलिंग सुटलं तरी त्यांच्या झोळीत पडेल. वळणापुरती ढील द्या, पण रस्त्याला घासू देऊ नका. ट्रेलर गाडीपासून सुटला तर त्याचा ब्रेक ओढणारी बारीक वायर वेगळी असते. ती साखळीला बांधू नका, गाडीच्या पक्क्या भागाला अडकवा. जोडल्यावर दहा पावलं लांब जाऊन बाजूने बघा. ट्रेलर सपाट दिसला पाहिजे, तोंड वर केलेला नको.

पावसाळाभर उभा राहिलेला ट्रेलर असेल तर त्याच्या दिव्यांच्या वायरचा प्लग उघडून बघा. आपल्याकडे खाडीच्या हवेत त्या पितळी पिनांवर हिरवा थर चढतो. आमच्या ट्रेलरचा डावा इंडिकेटर लावला की ब्रेकचा दिवाही मंद पेटायचा. कारण एवढंच, की अर्थिंगच्या पिनेवर तो थर होता. बारीक पॉलिश पेपरने घासला आणि दोष गेला. दिवे तपासायला बायको मागे उभी राहते आणि एकेक मोठ्याने सांगते: डावा, उजवा, ब्रेक, रिव्हर्स, नंबरप्लेट. हॅण्डब्रेक ओढून चार महिने ठेवला असेल तर ब्रेकचे लायनर ड्रमला चिकटलेले असतात. पुढच्या वेळी ब्रेक मोकळा ठेवून चाकांना ठोकळे लावा.

टायरची नक्षी बघून फसू नका, ट्रेलरचे टायर झिजण्याआधी म्हातारे होतात. बाजूला चार आकडे असतात, २३१९ म्हणजे २०१९चा २३वा आठवडा. पाच-सहा वर्षं झाली, भेगा दिसल्या, की बदला. हवा टायर थंड असताना भरा. ट्रेलरची स्टेपनी वेगळी लागते, आणि पिकअपचा जॅक ट्रेलरखाली बसतो का, पाना त्याच्या नटांना लागतो का, हे घराखाली एकदा चाक काढूनच बघा. हायवेच्या कडेला ते कळणं फार वाईट.

सिलिंडर उभा, पट्ट्याने आवळलेला, आणि प्रवासात व्हॉल्व्ह बंद. गॅस हवेपेक्षा जड असल्यामुळे तो बाहेर जायची भोकं फरशीत असतात. त्यांत गांधीलमाश्या मातीचं घर करतात. तारेने साफ करा. आणि कुणीही, लहान मूल झोपलेलं असलं तरी, चालत्या ट्रेलरमध्ये बसणार नाही.

कागदपत्रांचं थोडक्यात. १९८८च्या मोटार वाहन कायद्यात ट्रेलरची नोंदणी वेगळी होते. त्याचा स्वतःचा नंबर त्याच्यावर हवा आणि ओढणाऱ्या गाडीचा नंबरही त्याच्यावर लावायचा असतो, कारण पिकअपची मागची प्लेट झाकली जाते. विम्याच्या कागदात ट्रेलरचा उल्लेख आहे का ते वाचून घ्या.

टेपने उंची मोजा, छतावरच्या एसीसकट, आणि कागदावर लिहून डॅशबोर्डला चिकटवा. पुलाखालच्या लोखंडी कमानीसमोर आठवत बसायला वेळ नसतो. ट्रेलर पिकअपपेक्षा रुंद असेल तर आरशांना जोड-आरसे लावा. मागे घ्यायचा सराव मोकळ्या मैदानात करा. हात स्टिअरिंगच्या तळाला धरायचा, हात ज्या बाजूला जाईल त्या बाजूला ट्रेलरचं शेपूट जातं.

निघा पहाटे चारला. पळस्पे फाटा आणि न्हावाशेवा बंदराचे कंटेनर यांच्यातून उजाडायच्या आत बाहेर पडलेलं बरं. वेग ६० ते ७०, पुढच्या गाडीपासून नेहमीच्या दुप्पट अंतर. घाट उतरताना वरूनच खालचा गिअर टाका, ब्रेकवर पाय ठेवून उतरू नका. आमच्यासारखा, ट्रेलरने पुढे ढकललं की आपोआप लागणारा ब्रेक असेल तर तो उतारभर थोडा लागलेलाच राहतो आणि तापतो, म्हणून लांब उतारानंतर थांबा.

पहिला थांबा पेणला, साधारण ४० किलोमीटरवर. चहा सांगायच्या आधी ट्रेलरभोवती एक फेरी मारा. हाताची मागची बाजू चाकाच्या मध्यभागाजवळ न्या. कोमट असेल तर ठीक, हात ठेववत नसेल तर बेअरिंग सुकलंय किंवा ब्रेक घासतोय, आणि मग पुढे जायचं नाही. नटांना पाना लावून एकेक पुन्हा आवळा, समोरासमोरचे, फुलीच्या क्रमाने. चाक काढून बसवल्यावर पहिल्या ५० ते ८० किलोमीटरमध्ये नट ढिले पडतात. मग साखळ्या, वायर, पिन. मग चहा.