नवी मुंबईत गाळा भाड्याने घेताय? आधी खालची जमीन कोणाची ते बघा

नवी मुंबईत धंदा टाकायला नवीन आलेला माणूस गाळा बघायला निघतो तेव्हा तीन गोष्टी विचारतो: भाडं किती, डिपॉझिट किती, स्टेशन किती लांब. चौथा प्रश्न राहून जातो आणि पुढचं सगळं त्याच्यावरच अवलंबून असतं. इमारतीखालची जमीन कोणाची?

इथे गाळ्याचा मालक बहुतेक वेळा जमिनीचा मालक नसतो. वाशी, नेरुळ, बेलापूरसारख्या नोडमध्ये (शहराच्या आखीव भागांत) जमीन सिडकोची, म्हणजे हे शहर वसवणाऱ्या सरकारी महामंडळाची. सिडकोने ती साधारणपणे ६० वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिली आहे. दिघ्यापासून नेरुळपर्यंतच्या टीटीसी (ट्रान्स ठाणे क्रीक) औद्योगिक पट्ट्यात जमीन एमआयडीसीची, म्हणजे राज्याच्या औद्योगिक विकास महामंडळाची, आणि पट्टा ९५ वर्षांचा. जुन्या गावांत तिसराच हिशोब. टोकन देण्याआधी यातलं कुठलं प्रकरण आपल्यासमोर आहे, ते नक्की करा. कागद कोणते मागायचे हे त्यावरून ठरतं.

सिडकोच्या जमिनीवरचा गाळा असेल तर मालकाकडून याच्या प्रती घ्या: त्याच्या नावाचा नोंदणीकृत खरेदीचा करार आणि इंडेक्स टू (नोंदणी कार्यालयातला त्या व्यवहाराचा उतारा), सिडकोने हस्तांतर मंजूर केल्याचं पत्र, भोगवटा प्रमाणपत्र म्हणजे ओसी, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, चालू वर्षाची मालमत्ता कराची पावती आणि महावितरणचं ताजं बिल. ओसी सोडून बाकी सगळीकडे नाव एकच हवं. फरक सापडतो तो बहुतेक सिडकोच्या पत्रात. गाळा दोन हात फिरलेला असतो, पण मधला व्यवहार फक्त कुलमुखत्यारपत्रावर झालेला असतो आणि सिडकोच्या दफ्तरी अजून पहिल्याचंच नाव असतं. त्याचे वारस उद्या उभे राहिले तर तुमच्या कराराला ज्याने सही दिली त्याला तो अधिकारच नव्हता, असा वाद निघू शकतो. मालकाच्या वतीने दुसरं कोणी सही करणार असेल तर मूळ मुखत्यारपत्र बघा आणि मालक हयात आहे याची खात्री करा. देणारा वारला की साधं मुखत्यारपत्र तिथेच संपतं.

एमआयडीसीत एकच कागद निर्णायक आहे: पोटभाड्याने देण्याची एमआयडीसीची लेखी परवानगी. ‘इथे सगळे असंच देतात’ हे उत्तर चालवून घेऊ नका. परवानगी नसेल तर कारवाई मूळ पट्टेदारावर होते, पण मशीन तुमची आत असतात.

गावठाण आणि त्याच्या आजूबाजूच्या गाळ्यांचं भाडं कमी असतं, म्हणून नवा माणूस तिकडे वळतो. इथल्या बऱ्याच इमारती गरजेपोटी उभ्या राहिल्या. प्रकल्पग्रस्तांच्या जमिनी शहरासाठी गेल्या, कुटुंबं वाढली, घरं वर चढली. त्यांचा हक्काचा प्रश्न खरा आहे आणि तो सुटायलाच हवा. पण भाडेकरू म्हणून तुमच्यापुढचा प्रश्न वेगळा आहे: ओसी नसलेल्या इमारतीत व्यवसाय परवाने आणि अग्निशमनचा दाखला अडकू शकतो आणि महापालिकेची कारवाई आली तर माल तुमचा बाहेर निघतो. म्हणून विभाग कार्यालयात जाऊन या इमारतीला महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ खाली नोटीस निघालेली आहे का, ते लेखी अर्ज देऊन विचारा. साडेबारा टक्के योजनेतला भूखंड, म्हणजे जमीन गेलेल्यांना सिडकोने मोबदल्यापोटी दिलेला, ही निराळी गोष्ट. तिथे सिडकोशी करार झालेला असतो आणि पुढे विकला असेल तर सिडको, मूळ धारक आणि घेणारा यांचा त्रिपक्षीय करार असतो. तो मागा.

खाडीच्या बाजूला

मासळीचा कोल्ड स्टोअर, बोटदुरुस्ती, रेती-सिमेंटचं गोदाम किंवा खाडीकडे तोंड करून हॉटेल, अशा धंद्यांना आणखी एक तपासणी लागते. सीआरझेडची, म्हणजे किनारी क्षेत्रातल्या बांधकामांवर बंधनं घालणारी, २०१९ ची अधिसूचना खाडीलाही लागू आहे. भरतीरेषेपासून ५० मीटर किंवा खाडीची रुंदी, यांतलं जे कमी असेल तेवढा पट्टा तिच्या कक्षेत येतो. शिवाय कांदळवनाभोवती ५० मीटरचा बफर आहे आणि २०१८ च्या मुंबई उच्च न्यायालयाच्या निकालानंतर त्यात ढिलाई नाही. रीतसर परवानगीने उभी असलेली जुनी इमारत भाड्याने घ्यायला अडचण नाही. अडचण असते ती मागे वाढवलेल्या शेडची आणि भराव टाकून केलेल्या यार्डाची.

ही जागा पट्ट्यात आहे की नाही, हे नजरेने ठरवू नका. भरतीरेषा म्हणजे आज पाणी जिथपर्यंत आलं ती नव्हे, तर मंजूर नकाशावर आखलेली रेषा. महाराष्ट्र किनारी क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरणाचे नकाशे उपलब्ध आहेत. पैसे मोठे गुंतणार असतील तर केंद्राने मान्यता दिलेल्या संस्थेकडून १:४००० च्या नकाशावर तुमचा भूखंड बसवून घ्या.

करार

लिव्ह अँड लायसन्स करार ११ महिन्यांचा असला तरी महाराष्ट्रात नोंदणी सक्तीची आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत हवा आणि तो नोंदवण्याची जबाबदारी मालकाची आहे. न नोंदवल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद, ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. नोटरी केलेला करार ही नोंदणी नव्हे.

खर्चाचा हिशोब सोपा आहे. ६० महिन्यांपर्यंतच्या करारावर मुद्रांक शुल्क ०.२५ टक्के. समजा भाडं ४०,०००, मुदत ३६ महिने, परत मिळणारं डिपॉझिट २ लाख. एकूण भाडं १४,४०,०००. डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के व्याज धरायचं, ते तीन वर्षांचं ६०,०००. बेरीज १५ लाख, शुल्क ३,७५० रुपये. महापालिका हद्दीत नोंदणी फी १,०००. एजंटने याच्या कितीतरी पट आकडा सांगितला तर सरकारी शुल्क आणि त्याची फी वेगवेगळी लिहून मागा. दोन्ही पक्षांचं आधार आणि पॅन, दोन साक्षीदारांचं आधार हाताशी ठेवा. बोटांचे ठसे जुळले नाहीत की काम दुसऱ्या दिवसावर जातं. वयस्कर मालकांच्या बाबतीत हे वारंवार होतं.

मसुदा वाचताना मालमत्तेचं वर्णन अक्षर न् अक्षर वीजबिलाशी ताडून बघा. बिलावर ‘गाळा क्र. ७’ आणि करारात ‘शॉप नं. ७-ए’ असेल तर जीएसटीचा अर्ज पत्त्यावरून परत येऊ शकतो. क्षेत्रफळही स्वतः टेपने मोजा. गाळ्यापुढची मोकळी जागा, जिला मार्जिनल स्पेस म्हणतात, मालक दाखवताना ‘ही पण तुमचीच’ म्हणतो. ती त्याची भाड्याने द्यायची जागा नसते. तिथे टेबलं किंवा शेड टाकलं की अतिक्रमण विभागाची गाडी येते आणि भाडं मात्र तुम्ही तिचंही भरलेलं असतं.

आता लॉक-इन, म्हणजे ठरावीक काळ गाळा सोडता न येण्याची अट. छापील मसुद्यात लॉक-इन भाडेकरूवर असतं आणि सुटकेची वाट कुठेच नसते. म्हणून हे कलम घालून घ्या:

‘इमारतीच्या किंवा गाळ्याच्या परवानगीतील त्रुटीमुळे, अथवा जमीन देणाऱ्या प्राधिकरणाच्या कारवाईमुळे, गाळा वापरता येईनासा झाल्यास लॉक-इन त्याच दिवशी संपेल. त्या दिवसापासून भाडे लागू राहणार नाही, आणि मालक सात दिवसांत संपूर्ण अनामत रक्कम परत करील.’

ज्याचे कागद स्वच्छ आहेत, त्याला हे कलम मान्य करायला जड जात नाही. कोणी फारच आढेवेढे घेतले तर जमिनीचे कागद पुन्हा एकदा काढून बसा. दुसरी ओळ: किल्ली परत देताना त्याच बैठकीत डिपॉझिट परत. ‘नंतर बिलं बघून देतो’ यावर सही करू नका. वीज आणि पाणी बिलापोटी ठरावीक रक्कम राखून ठेवायची मुभा द्या, पण आकडा लिहा.

तुम्ही जीएसटीत नोंदणीकृत असाल आणि मालक नसेल, तर १० ऑक्टोबर २०२४ पासून भाड्यावरचा १८ टक्के कर रिव्हर्स चार्जने तुम्हालाच भरावा लागतो. कंपोझिशनवाल्यांना (उलाढालीवर ठरावीक दराने जीएसटी भरणाऱ्या लहान व्यावसायिकांना) १६ जानेवारी २०२५ पासून यातून वगळलं आहे. भाडं ठरवतानाच हे धरा.

ताबा मिळाल्यावर

धंदा सुरू झाल्यापासून ६० दिवसांत गुमास्ता, म्हणजे दुकाने व आस्थापना कायद्याखालची नोंद. कामगारसंख्या कमी असेल तर फक्त ऑनलाइन सूचना पुरते, जास्त असेल तर नोंदणी. पाटी मराठीत, देवनागरीत, आणि मराठी अक्षरं इतर लिपीपेक्षा लहान नकोत. खाद्यपदार्थ, गोदाम, वर्कशॉप यांना महापालिकेचा व्यवसाय परवाना वेगळा. अग्निशमन यंत्रणा बसवलेली असेल तर परवानाधारक एजन्सीकडून बी फॉर्म (यंत्रणा चालू स्थितीत असल्याचा दाखला) दर जानेवारी आणि जुलैत द्यायचा असतो. तो कोण देणार, तुम्ही की सोसायटी, ते आधीच ठरवून घ्या. कामगारांसाठी खोली घेतली तर पोलिसांना भाडेकरूची माहिती ऑनलाइन कळवायला मालकाला सांगा आणि पोचपावतीची प्रत ठेवा.

वकील गाठायचा तो टोकन देण्याआधी. टोकन गेल्यावर वकिलाच्या हातात दुरुस्त करण्यासारखं थोडंच उरतं. सोबत मालकाच्या कागदांच्या प्रती, मसुदा आणि गाळ्याचे पुढून-मागून काढलेले फोटो न्या. फी कशाची, हे लिहून घ्या: फक्त मसुदा वाचायची, की सिडकोत आणि निबंधकाकडे शोध घेण्याचीही. शोध घेणार असेल तर किती वर्षांचा, आणि अहवाल लेखी मिळणार का, तेही विचारा. वकिलाचा सनद क्रमांक, म्हणजे वकिलीच्या नोंदणीचा नंबर, विचारायला संकोच नको. वादातल्या रकमेत टक्का मागणं वकिलांच्या नियमांत बसत नाही. कोऱ्या वकालतनाम्यावर सही देऊ नका. फी परवडत नसेल तर ठाण्याच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज करा. महिला, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, दिव्यांग आणि औद्योगिक कामगार यांना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.