पोट भरलं हे कॅन्टोनीजमधे कसं सांगायचं

आमची वहिनी हाँगकाँगची, तिची भाषा कॅन्टोनीज, हिवाळ्यात इंदूरला आली की काकू, आत्या सगळ्या तिच्या ताटात वाढत सुटतात आणि ती बिचारी नको नको म्हणते ते कोणाला कळतच नाही, म्हणून मी तिच्याकडूनच हे शब्द शिकले. खूप कामाचे आहेत.

आधी एकच शब्द पक्का करा, सिक, म्हणजे खाणं. शेवटचा क सोडायचा नाही, घशातच अडवायचा. मग त्याला पुढे जोडत जायचं. ताइ सिक म्हणजे भरपूर खाणारा, सइ सिक म्हणजे चिमणीएवढं खाणारा, वइ सिक म्हणजे खादाड. लाडाने म्हणायचं तर वइ सिक माउ, खादाड मांजर, आणि हा माउ आपल्या माऊसारखाच! खाण्यात नखरे करणाऱ्याला कान यम चाक सिक, यातला च चमच्यातला.

भूक लागली तर थोउ ङो. थोउ म्हणजे पोट. शाळेत क ख ग घ नंतर जो ङ नुसता पाठ केला तो इथे शब्दाच्या सुरुवातीलाच येतो, आणि त, थ वेगळे बोलायची सवय आपल्याला आहेच, त्यामुळे मराठी माणसाला हे उच्चार खरंच सोपे जातात.

अवघड आहेत ते सूर. सहा आहेत. पोट भरलं म्हणजे पाउ, पण आपण "हो?" असं विचारतो तसा आवाज खालून वर न्यायचा, तोच पाउ वरच्या सुरात सपाट बोललात तर त्याचा अर्थ खायचा बन होतो. मी हा एकच शब्द आठवडाभर घोकला, तुम्हीपण घोका, कारण आपल्याकडच्या आग्रहात सगळ्यात जास्त हाच लागतो.

माझा आवडता शब्द हउ हन. शब्दशः तोंडाला खाज, म्हणजे भूक नाही पण काहीतरी चघळायला हवंय. रात्री सराफ्यात, म्हणजे इंदूरच्या रात्रीच्या खाऊबाजारात, भुट्ट्याच्या कीसची प्लेट संपवून वहिनी गराडूच्या, म्हणजे तळलेल्या कंदाच्या कढईकडे बघत हेच म्हणाली. मग गराडू घेतला आणि अर्धा उरला, तेव्हा ङान फुत थोउ चाक, डोळे मोठे पोट अरुंद, आपली डोळ्यांची भूकच की.

आणि बाकीचे जेवत असताना तुम्ही आधी उठलात तर मान मान सिक म्हणून उठा. काकूंना अर्थ सांगावाच लागला नाही, त्या म्हणाल्या, हो गं, सावकाश होऊ दे.