विरळ वायूचं सिम्युलेशन: आधी बंद डबा, मग नळी

रत्नागिरी, चिपळूण किंवा लोणेऱ्यात राहून विरळ, म्हणजे फार कमी दाबाच्या, वायूंच्या सिम्युलेशनचं काम सुरू करायचं तर सुपरकॉम्प्युटरची वाट बघू नका. चार कोअरचा लॅपटॉप आणि अमेरिकेतल्या सांडिया प्रयोगशाळेचं ‘स्पार्टा’ हे मोफत सॉफ्टवेअर सुरुवातीला पुरतं. ग्रॅम बर्ड यांनी १९६३ साली मांडलेली कणांची पद्धतच (डीएसएमसी: थोडे नमुना-कण धावतात आणि यादृच्छिक टकरी घेतात) त्यात आहे. आर्गॉनची उदाहरणं लगेच चालतात. गाडी अडते ती नायट्रोजनपाशी.

नायट्रोजनचा रेणू धावतो तसा फिरतोही. वायू विरळ असला की धावण्याचं तापमान एक आणि फिरण्याचं दुसरं, असं होऊ शकतं. दोन्ही जुळायला साध्या तापमानाला साधारण पाच टकरी लागतात.

म्हणून पहिलं काम बंद डब्याचं. सीमा आवर्ती ठेवा (एका बाजूने बाहेर गेलेला कण समोरून आत येतो), धावण्याचं तापमान ५०० केल्विन, फिरण्याचं २०० द्या. धावण्याच्या दिशा तीन, फिरण्याच्या दोन; म्हणून आलेखावर दोन्ही तापमानांच्या रेषा (३×५०० + २×२००)/५, म्हणजे ३८० केल्विनला मिळायलाच हव्यात. भलतीकडे मिळाल्या तर ऊर्जेचा हिशोब फसलाय. मिळाल्या, पण उशिरा, तर टक्कर-संख्या, म्हणजे जुळायला किती टकरी लागतात याचा कोडमध्ये भरलेला आकडा, तपासा. बहुतेकांचे आठवडे इथेच जातात. शोधनिबंधांतला ५ हा आकडा जीन्सच्या समीकरणातला (दोन तापमानांतला फरक किती वेगाने मिटतो ते सांगणारं सूत्र) असतो. टकरीत ऊर्जा धावण्यात आणि फिरण्यात वाटून देणाऱ्या बोर्ग्नाके-लार्सन पद्धतीत एका टकरीत एकाच रेणूची फिरकी बदलत असेल, तर त्याला (५−२ओमेगा)/(७−२ओमेगा) ने गुणावं लागतं. ओमेगा म्हणजे तापमानाबरोबर वायूचा चिकटपणा किती झपाट्याने वाढतो ते सांगणारा घातांक. नायट्रोजनचा ओमेगा ०.७४ धरला की गुणक ०.६४ येतो आणि ५ च्या जागी ३.२ भरायचा. तुमचा कोड रेणू कसा निवडतो, हे मॅन्युअलमध्ये न बघता हा गुणक लावू नका.

मग ५ सेंमी व्यासाची नळी घ्या. १ पास्कल, ३०० केल्विनला मुक्तपथ (दोन टकरींमधलं सरासरी अंतर) ६-७ मिमी, म्हणजे नूडसेन संख्या (मुक्तपथ भागिले व्यास) ०.१३ च्या आसपास. पेशी, म्हणजे जाळीचा एक घनाकृती कप्पा, २ मिमीची; कालपाऊल, म्हणजे हिशोबाची एक पायरी, २-३ मायक्रोसेकंद. पेशीत २० कण हवे तर एक कण सुमारे १०^११ खऱ्या रेणूंचा प्रतिनिधी होतो.

प्रवाह मंद असेल तर जपून. वेग सेकंदाला १ मीटर, आणि रेणूंची स्वतःची धावपळ सेकंदाला ३०० मीटरच्या घरात! चूक १० टक्क्यांत ठेवायला पेशीमागे सुमारे ९० लाख नमुने लागतात. २० कण असतील तर साडेचार लाख स्वतंत्र पावलं.

कार्बन डायऑक्साइडकडे घाईने वळू नका. त्याच्या वाकण्याच्या कंपनाचं तापमान (कंपनाच्या ऊर्जेचं तापमानातलं माप) ९६० केल्विनच आहे, नायट्रोजनचं ३३७० च्या आसपास. त्यामुळे नायट्रोजनमध्ये बंद ठेवलेलं कंपन इथे ३०० केल्विनलाही मोजावं लागतं.

जूनपासून लाइटचा भरवसा नाही. रीस्टार्ट फाइल (जिच्यावरून काम जिथे थांबलं तिथून पुढे सुरू करता येतं) दोन नावांनी आलटूनपालटून लिहा, म्हणजे लिहिताना वीज गेली तरी आधीची शाबूत राहते. सरासरी मात्र त्यात साठत नाही. ती ठरावीक पावलांच्या तुकड्यांत वेगळ्या फाइलमध्ये काढा आणि नंतर जोडा.