क्विक हिचला जुनी अवजारं कशी जुळवावी

क्विक हिच म्हणजे ट्रॅक्टरच्या मागच्या तीन दांड्यांना लावून ठेवायची फ्रेम; तिचे तीन आकडे, एक वर आणि दोन खाली, अवजाराच्या पिना पकडतात. विकणारा ती ट्रॅक्टरला लावतो, दुकानासमोरचं नवंकोरं अवजार उचलून दाखवतो, लॉक टक्कन बसतं आणि आपण पैसे मोजून मोकळे होतो. घरी आल्यावर कळतं की अंगणातल्या पाच अवजारांपैकी एकच तिच्यात बसतंय. मग फ्रेम गोठ्याच्या भिंतीला टेकते आणि सालदार पुन्हा हातोडा घेऊन टॉप लिंकची, म्हणजे वरच्या दांड्याची, पिन ठोकत बसतो.

जुळवणीचं काम वैशाखातच उरका. मृग लागल्यावर वेल्डिंगच्या दुकानात रांग असते, आणि सकाळी पंजी (कल्टिव्हेटर), दुपारी पेरणी यंत्र अशी अदलाबदल नेमकी तेव्हाच करावी लागते.

आधी आकडा पक्का करा

बऱ्याच फ्रेमना वरचा आकडा खाली-वर करायला तीन-चार भोकं असतात. "भाऊ, कोणतंही अवजार बसते, आकडा सरकवा फक्त," असं तुम्हाला सांगतील. ऐकू नका. दर अवजाराला खाली उतरून आकडा सरकवायचा असेल तर मग क्विक हिच घेतली कायले? माझा नियम असा: सगळ्यात जड अवजार, म्हणजे बहुतेकांकडे रोटाव्हेटर, ज्या भोकावर नीट बसतं तिथे आकडा बोल्टने कसायचा आणि पुन्हा हात लावायचा नाही. बाकीची अवजारं त्या आकड्याला जुळवायची.

वर्षातून एकदा लागणारा पलटी नांगर माझ्याकडे अजून साध्या पिनांवरच आहे. ट्रॉली फ्रेमला कधीच जोडू नका, तिची जागा ड्रॉबारवर, म्हणजे ट्रॅक्टरच्या मागच्या ओढायच्या पट्टीवर.

खालच्या पिना

हे सोपं काम. जोडणीच्या मापांचे वर्ग म्हणजे कॅटेगरी. लहान ट्रॅक्टरच्या कॅटेगरी १ च्या अवजाराला खालची पिन २२ मिमीची, म्हणजे मिस्त्रीच्या भाषेत सात सूत (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग). मोठ्या ट्रॅक्टरच्या कॅटेगरी २ ला २८ मिमी, नऊ सूत. फ्रेमच्या आकड्याचा गाळा (पिन बसायची खाच) त्याहून रुंद असतो, म्हणून पिनेवर बुश, म्हणजे पोकळ नळी, लागतो. गाळा मोजा, लेथवाल्याकडून जाड पाइपचे बुश उतरवून घ्या, लिंच पिन लावून अडवा. बुश पिनेला वेल्ड करू नका, झिजला की बदलता आला पाहिजे. दोन पिनांमधलं अंतरही बघा: कॅटेगरी १ ला ते ६८३ मिमी असतं, कॅटेगरी २ ला ८२५. गावात बनवलेल्या पंजीत ते हमखास इंचभर इकडेतिकडे सापडतं. तिथे वॉशर भरून भागवू नका, पिनेची पट्टी सोडवून नीट जागी बसवा.

वरची पिन

इथे मी एक अख्खा हंगाम वाया घालवला आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

पहिल्यांदा मी पेरणी यंत्र दुकानात नेलं. फ्रेम घरीच होती. खालच्या पिनेपासून आकड्यापर्यंतचं माप कागदावर लिहून नेलं, मिस्त्रीने टेप लावून वरची पिन वेल्ड करून दिली. घरी येऊन फ्रेम घातली, खालची दोन्ही लॉकं टकटक बसली, मी खूश. पहिल्या धुऱ्यावर यंत्र उचललं आणि वरची पिन आकड्यातून निसटून अख्खं यंत्र मागे झुकलं. बियाण्याच्या पेटीतलं सोयाबीन निम्मं जमिनीवर. नशीब, मागे कोणी चालत नव्हतं.

झालं होतं असं की वरची पिन तीन सूत उंच लागली होती. पिन उंच असली तर खालची लॉकं बरोबर बसतात, पण वरची पिन आकड्याच्या खोबणीत न उतरता त्याच्या ओठावर तरंगते. जमिनीवर असेपर्यंत काही कळत नाही. उचललं की सगळं वजन मागे ओढतं आणि ती घसरते. उलट पिन खाली असली तर वरचा आकडा आधी भरतो आणि खालची लॉकं लागतच नाहीत, म्हणजे चूक तिथल्या तिथे दिसते. म्हणून अर्ध्या सुताची शंका असेल तर पिन खालच्या बाजूला ठेवा, वर कधीच नाही.

आता मी टेप वापरतच नाही. अवजार सपाट फरशीवर त्याच्या पायांवर उभं करायचं, ट्रॅक्टर मागे घेऊन फ्रेमचे खालचे दोन्ही आकडे पिनांत घालून लॉक करायचे. हँडब्रेक लावायचा, इंजिन बंद करायचं. टॉप लिंक फिरवून फ्रेम अवजाराला समांतर आणायची. आता वरची पिन जिथे हवी ती जागा आकडाच दाखवतो. नवी पिन आकड्याच्या खोबणीत तळापर्यंत टेकवून ठेवायची आणि ब्रॅकेट त्या पिनेभोवती बांधायचा.

ब्रॅकेट म्हणजे १२ मिमी जाडीच्या दोन पट्ट्या, अवजाराच्या उभ्या मास्टच्या (टॉप लिंक जिथे जोडतात त्या उभ्या भागाच्या) दोन्ही बाजूंनी. एक बोल्ट मास्टच्या मूळ भोकातून जातो. पण एकाच बोल्टवर ब्रॅकेट सोडू नका. तो बोल्टभोवती फिरतो, आणि मग पिनेची उंची प्रत्येक गचक्याला बदलते. मास्टमध्ये खाली दुसरं भोक पाडून दुसरा बोल्ट घालायलाच हवा, तोही ८.८ ग्रेडचा. बाजारातल्या तयार ब्रॅकेटमध्ये एकच बोल्ट दिसला तर परत ठेवा.

पट्ट्या जागेवर असताना मास्टला फक्त टाके, म्हणजे वेल्डिंगचे छोटे कच्चे ठिपके, मारा. टाके मारण्याआधी ट्रॅक्टरच्या बॅटरीची अर्थची वायर काढा. वेल्डिंगची अर्थ जिथे टाका मारताय त्याच्या शेजारी लावा. रोटाव्हेटरच्या टोकाला अर्थ लावून मास्टवर वेल्डिंग केलं तर करंट बेअरिंगमधून जातो आणि बेअरिंग खराब होतं. टाके पडले की दुसऱ्या बोल्टचं भोक पाडा. मग टाके तोडून ब्रॅकेट काढा आणि दोन पट्ट्यांमधला आडवा तुकडा खाली टेबलावर पूर्ण वेल्ड करा. ते करताना पट्ट्यांच्या मध्ये आकड्याच्या जाडीपेक्षा दोन सूत जास्त रुंदीचा ठोकळा घट्ट ठेवा. वेल्ड थंड होताना पट्ट्या आत ओढल्या जातात. ठोकळा नसेल तर गाळा आवळतो आणि आकडा आत शिरत नाही. माझा दुसरा ब्रॅकेट असाच गेला.

ब्रॅकेट मास्टलाच कायमचा वेल्ड का करायचा नाही? कारण उद्या शेजारी पंजी मागायला येणार, आणि त्याच्याकडे क्विक हिच नाही. दोन बोल्ट काढले की अवजार पूर्वीसारखं.

पीटीओ शाफ्ट

फ्रेममुळे अवजार मागे सरकतं, साधारण चार इंच. तुमच्या फ्रेमचं मोजा. इंजिनची ताकद रोटाव्हेटरला पोहोचवणारा फिरता दांडा, म्हणजे पीटीओ शाफ्ट, तितकाच जास्त ओढला जातो. अवजार ट्रॅक्टरपासून सगळ्यात दूर असतं त्या स्थितीत आतला आणि बाहेरचा पाइप किमान एक-तृतीयांश एकमेकांत राहिले पाहिजेत. नसतील तर लांब शाफ्ट घ्या, जोड देऊन चालवू नका. पीटीओ बंद ठेवून रोटाव्हेटर हळूहळू पूर्ण वर उचला आणि शाफ्ट फ्रेमला कुठे घासत नाही ना ते बघा. शाफ्टचं प्लास्टिक कव्हर काढून फेकायची आपल्याकडे खोड आहे. उन्हासाठी गळ्यात दुपट्टा असतो, तो मिनिटाला ५४० फेऱ्यांच्या शाफ्टमध्ये गेला तर सोडवायला वेळ मिळत नाही.

पहिली उचल

अवजार वीतभर उचलून उतरा आणि बाजूला उभं राहून वरची पिन खोबणीच्या तळाला टेकलेली आहे का ते डोळ्यांनी बघा. माझ्या फ्रेमच्या वरच्या आकड्याला लॉक नाही, त्यामुळे मी हे आजही रोज करतो. ट्रॅक्टर आणि अवजार यांच्या मध्ये मात्र उभं राहायचं नाही. अवजार आडवं झुलू नये म्हणून साइड चेन कसा. वजन मागे गेल्याने पुढची चाकं हलकी वाटली तर पुढे वजनं लावा, चढाच्या शेतात तर नक्कीच.

आणि एक किरकोळ वाटणारी गोष्ट. पावसाळ्यात अवजार काळ्या मातीवर सोडलं की त्याचे पाय रात्रीत रुततात, तेही एका बाजूचे जास्त. सकाळी मग तिरप्या अवजारात फ्रेम शिरत नाही आणि लोक क्विक हिचला शिव्या देतात. मी प्रत्येक पायाखाली शहाबादी फरशीचे तुकडे ठेवतो, आणि अवजारं ओळीने गोठ्याच्या बाजूला, तोंडं एकाच दिशेला.