दुर्बीण गच्चीवर नेण्याआधी

दिवाळीच्या फटाक्यांचा धूर एकदा विरला की फेब्रुवारीअखेरपर्यंत महाराष्ट्रात आकाश बघायचे खरे दिवस असतात. याच सुमारास पुष्कळ घरांत पहिली दुर्बीण येते. बहुधा ती 70 मिलिमीटर भिंगाची असते, नाहीतर 114 किंवा 130 मिलिमीटर आरशाची. यातली कुठलीही चालेल. चंद्रावरची विवरं, गुरूचे चार चंद्र, शनीची कडी, मृग नक्षत्रातला तेजोमेघ (वायू आणि धुळीचा ढग) हे सगळं तिच्यातून दिसतं. तरीही महिन्या-दोन महिन्यांत अनेक दुर्बिणी माळ्यावर जातात. माझ्या मते त्याचं मोठं कारण असं की जी कामं उजेडात निवांत करायची, ती आपण अंधारात, घरचे सगळे भोवती ताटकळत उभे असताना करायला घेतो. म्हणून या यादीतली बरीचशी कामं दिवसाची आहेत.

आणि दिवसाची आहेत म्हणूनच सगळ्यात आधी सूर्य. दुर्बीण सूर्याच्या दिशेने वळवायची नाही. तिच्या पाठीवरच्या छोट्या फाइंडरमध्येही (नेम धरायच्या साधनात) भिंग असेल, तर त्यालाही झाकण हवंच. काही खोक्यांत आयपीसला, म्हणजे डोळा लावायच्या छोट्या भिंगाला, लावायची काळी ‘सन फिल्टर’ काच मिळते, ती सरळ फेकून द्या. भिंगाने गोळा केलेली सगळी उष्णता नेमकी तिथे पडते, काच तडकू शकते, आणि तडकली तर डोळा कायमचा जातो. सूर्य बघायचा तर दुर्बिणीच्या तोंडावर बसणारा खास सौर फिल्टर लागतो. तो विषय पुढच्या वर्षी, जाणत्या माणसाबरोबर. घरात लहान मुलं असतील तर उघडी दुर्बीण दिवसा गच्चीवर एकटी सोडू नका.

जोडणी घरातच करा. कुठला स्क्रू काय धरतो, कुठला सैल केला की नळी खाली झुकते, हे हातांना कळेपर्यंत दोन-तीनदा उघडून पुन्हा लावा. रात्री हे सगळं चाचपूनच करायचं आहे. तिपाईचे पाय पूर्ण ताणू नका, आखूड ठेवले की ती जास्त स्थिर राहते. मग नळीला बोटाने हलकी टिचकी मारून आयपीसमध्ये बघा. चित्र दोन-तीन सेकंदांत थांबलं पाहिजे. थांबत नसेल तर तिपाईच्या मधोमध पाण्याची भरलेली बाटली किंवा वाळूची पिशवी लटकवा. स्वस्त दुर्बिणीत भिंगापेक्षा स्टँडच जास्त वेळा दगा देतो.

आता फाइंडर जुळवणं. या एका कामाला पूर्ण संध्याकाळ दिलीत तरी ती वाया जाणार नाही. दुर्बिणीचं दृश्यक्षेत्र इतकं लहान असतं की नुसत्या अंदाजाने नळी वळवून साधा चंद्रसुद्धा सापडत नाही, मग गुरू-शनी कुठले सापडायला? सूर्य पाठीशी असेल अशी वेळ धरा. किलोमीटरभर तरी दूर असलेली न हलणारी वस्तू निवडा: मोबाइल टॉवरचं टोक, गावची पाण्याची टाकी, देवळाचा कळस. जास्त नाभीय अंतराचं (भिंग किंवा आरशापासून प्रकाश एकवटतो तिथपर्यंतचं अंतर), म्हणजे 25 किंवा 20 मिलिमीटरचं आयपीस लावा आणि टॉवरचं टोक नेमकं मध्यभागी आणा. आरशाच्या दुर्बिणीत टॉवर उलटा लटकलेला दिसेल आणि भिंगाच्या दुर्बिणीत कोनी आरसा लावला असेल तर डावं-उजवं बदलेल. बिघाड नव्हे, ती रचनाच तशी असते, आणि आकाशात त्याने काही अडत नाही. आता नळीला धक्का न लावता फाइंडरचे स्क्रू जरा जरा फिरवत त्याचा लाल ठिपका किंवा फुली त्याच टोकावर आणा. मग 10 मिलिमीटरचं आयपीस लावून पुन्हा तपासा. टोक थोडं सरकलेलं असेल, ते मध्यावर घ्या आणि फाइंडरही तेवढाच हलवा. शेवटी दुर्बीण भलतीकडे वळवा आणि नुसत्या फाइंडरवरून टॉवर पुन्हा शोधा. पहिल्या प्रयत्नात सापडला की तुमची निम्मी तयारी झाली. लाल ठिपका लगेच बंद करा. त्याचं बटण-सेल रात्रभर चालू राहून संपतं, म्हणून एक जादा सेल जवळ असावं.

‘पाचशे पट मोठं’ असं खोक्यावर छापलेलं असेल तर ते विसरा. नळीचं नाभीय अंतर भागिले आयपीसचं नाभीय अंतर, एवढा साधा हिशेब आहे. 650 मिलिमीटरच्या नळीला 25 चं आयपीस लावलं तर 26 पट, 10 चं लावलं तर 65 पट. भिंगाचा किंवा आरशाचा व्यास मिलिमीटरमध्ये घेऊन दुप्पट करा. त्यापलीकडे चित्र नुसतं मोठं आणि अंधूक होतं. म्हणजे 70 मिलिमीटरला मर्यादा 140 पटीची, तीही हवा अगदी स्थिर असेल तर. गॅलिलिओला 1610 च्या जानेवारीत गुरूचे चंद्र दिसले ते साधारण 20 पटीच्या दुर्बिणीतून. रोज सुरुवात कमी पटीनेच करा.

जागा ठरवताना गच्चीपेक्षा अंगण मिळालं तर अंगण घ्या. स्लॅब दिवसभर तापलेला असतो आणि रात्री उशिरापर्यंत उष्णता सोडत राहतो. त्या हवेतून गुरू उकळत्या पाण्यातून बघितल्यासारखा थरथरतो. शिवाय कोणी चाललं की स्लॅबबरोबर चित्रही हलतं. गच्चीच हातात असेल तर संध्याकाळी पाणी शिंपडा आणि रस्त्याचा दिवा पाण्याच्या टाकीच्या आडोशाने झाकला जाईल असा कोपरा धरा. सोसायटीत राहत असाल तर किल्ली कुणाकडे असते आणि गच्चीवरचा दिवा बंद करायला कुणाची हरकत नाही ना, हे आधीच विचारून ठेवा. स्टँड विषुववृत्तीय असेल, म्हणजे त्याचा एक अक्ष ध्रुवताऱ्याकडे रोखायचा असेल, तर तो अक्ष तुमच्या गावाच्या अक्षांशावर लावून ठेवा: पुण्यात साडेअठरा अंश, मुंबईत 19, नागपुरात 21. ध्रुवतारा उत्तरेला तेवढ्याच उंचीवर असतो, म्हणजे बराच खाली. उत्तरेला उंच इमारत असेल तर तो दिसणार नाही, अशा वेळी होकायंत्राने उत्तर धरली तरी नवख्याचं भागतं.

तारीख निवडायला भिंतीवरची दिनदर्शिका पुरते. पहिली रात्र शुद्ध पंचमी ते दशमीच्या दरम्यान ठेवा. पौर्णिमा नको. तेव्हा ऊन चंद्रावर सरळ पडतं, सावल्याच उरत नाहीत आणि सगळं सपाट दिसतं. सगळी मजा असते ती उजेड आणि अंधाराच्या सीमेवर. अष्टमीच्या सुमारास चंद्राच्या मध्याजवळ टॉलेमियस, अल्फॉन्सस आणि आर्झाकेल ही तीन विवरं एकाखाली एक लागतात. पुढे एक-दोन दिवसांत 93 किलोमीटर रुंदीचं कोपर्निकस उजेडात येतं. त्याचे पायऱ्यापायऱ्यांचे काठ आणि मधली शिखरं 65 पटीतही ओळखू येतात. बघता बघता चंद्र दृश्यातून निसटतो, कारण पृथ्वी तासाला 15 अंश फिरते. 65 पटीत एखादी गोष्ट तीनेक मिनिटांत या कडेहून त्या कडेला जाते. तेव्हा नळी हळूच पुढे सरकवायचा सराव चंद्रावरच करून घ्या.

चंद्र हाताशी आला की अमावास्येच्या आसपासची रात्र. तीन-चार लक्ष्यं पुरेत, आणि ती डोळ्यांनी ओळखता आलीच पाहिजेत. हिवाळ्यात कृत्तिका घ्या, सगळ्यात कमी पटीत, नाहीतर तो पुंजका दृश्यात मावत नाही. मृगाच्या पोटातल्या बाणाच्या तीन ताऱ्यांच्या दक्षिणेला तेजोमेघ आहे, सुमारे 1,300 प्रकाशवर्षं दूर. देवयानी तारकासमूहातली दीर्घिका, म्हणजे असंख्य ताऱ्यांचा प्रचंड समूह, 25 लाख प्रकाशवर्षांवर. या दोन्ही गोष्टी करड्या, धुरकट दिसतील. फोटोतले रंग कॅमेऱ्याने लांबलचक वेळ प्रकाश साठवून आलेले असतात, डोळ्याला ते दिसत नाहीत. घरच्यांना हे आधीच सांगा, म्हणजे कुणी हिरमुसणार नाही. शनीची कडी 2025 च्या मार्चमध्ये पृथ्वीवरून अगदी कडेने दिसत होती. त्यानंतर ती वर्षागणिक उघडत चालली आहेत. आपण दक्षिणेकडे असल्याचा फायदाही घ्या. एप्रिल-मे महिन्यांत नरतुरंग तारकासमूहातला ओमेगा सेंटॉरी हा प्रचंड तारकागुच्छ पुण्याहून क्षितिजाच्या 24 अंश वर येतो. लंडनमध्ये तो कधी उगवतच नाही.

पिशवीत लाल उजेडाची बॅटरी हवी; साध्या बॅटरीवर लाल जिलेटिन कागदाच्या दोन-तीन घड्या बांधल्या तरी चालतं. डोळे अंधाराला सरावायला वीस ते तीस मिनिटं लागतात आणि मोबाइलच्या एका झोताने ती फुकट जातात. स्टेलॅरियम हे आकाशाचा नकाशा दाखवणारं अ‍ॅप वापरणार असाल तर त्याची लाल रात्र-पद्धत घरातच चालू करून घ्या. योग्य उंचीचं स्टूल घ्या, कारण वाकून उभा असलेला माणूस दोन मिनिटांत कंटाळतो आणि बसलेला पंधरा मिनिटं बघतो. वही, पेन्सिल, कानटोपी. डासांचं क्रीम आधी लावून हात धुवा. काही क्रीममधलं रसायन प्लॅस्टिक आणि भिंगाचा लेप खराब करतं. दुर्बीण अर्धा तास आधी बाहेर ठेवा, आरसा बाहेरच्या हवेइतका गार झाला की चित्र बसतं.

शक्य असेल तर खरेदीच्या आधीच एखाद्या मंडळाच्या कार्यक्रमाला जाऊन या. पुण्यात 1944 पासून ज्योतिर्विद्या परिसंस्था आहे, आणि मुंबईच्या खगोल मंडळाचे वांगणीचे रात्रभराचे कार्यक्रम सर्वांना ठाऊक आहेत. दुसऱ्याच्या दुर्बिणीतून एकदा शनी बघितला की आपल्या दुर्बिणीत काय शोधायचं ते डोळ्याला कळतं. विदर्भातल्यांना पेंच व्याघ्र प्रकल्प जवळ आहे; जानेवारी 2024 मध्ये तो देशातला पहिला डार्क स्काय पार्क, म्हणजे रात्रीचं अंधारं आकाश जपणारी जागा, ठरला.

परत आल्यावर भिंगावर दव साचलं असेल तर पुसू नका. पंख्याखाली उघडी ठेवा आणि पूर्ण सुकल्यावरच झाकणं लावा. आरशाला कापड कधीच नाही, धूळ रबरी फुगा दाबून उडवायची. आयपीस हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा. कोकणात आणि मुंबईत जून लागायच्या आत हे झालंच पाहिजे, कारण त्या दमट हवेत भिंगावर बुरशी धरते आणि लेपात उतरलेली बुरशी निघत नाही. पुड्या पावसाळ्यात दर महिन्याला बदला.