शाफ्टची ग्लँड: टिपूस थांबवायच्या नादात होणाऱ्या चुका

जुलै सरत आला की शाकारलेल्या बोटींवरची ताडपत्री निघते, तळाला रंग लागतो आणि नारळी पौर्णिमेच्या आधीच्या आठवड्यात माझा फोन वाजायला लागतो. ‘काका, ग्लँडमधून पाणी येतंय.’ किती येतंय विचारलं तर उत्तर एकच, ‘येतंय ना थेंब थेंब.’ मिनिटाला किती थेंब, इंजिन चालू असताना की बंद असताना, हे कोणी पाहिलेलं नसतं. पाना मात्र आधीच हातात असतो.

पंख्याचा शाफ्ट बोटीच्या पोटातून बाहेर जातो ते भोक समुद्राच्या पाण्याखाली असतं. आतल्या टोकाला पेटी, पेटीत चौकोनी दोरीच्या तीन-चार रिंगा आणि त्या दाबून धरणारी, नटांनी आवळायची ग्लँड. इंजिन चालू असेपर्यंत ही दोरी फिरत्या शाफ्टला घासत असते. तिला गार ठेवतं ते त्या फटीतून झिरपणारं पाणीच. साध्या मेण-चरबीच्या दोरीला इंजिन चालू असताना मिनिटाला दोन-तीन थेंब हवेत. बोट उभी असताना ठिबक जवळजवळ थांबायला हवी. हिशोब करून बघा. साधारण वीस थेंबांचा एक मिलिलिटर होतो. मिनिटाला तीन थेंब धरले तर दिवसभर इंजिन चालवूनही सव्वादोनशे मिलिलिटरच्या आत, म्हणजे एक पेलाभर पाणी. तेवढ्यानं कोणतीही बोट बुडत नाही.

‘एक थेंब ठेवला नाही’

काही वर्षांपूर्वी एका तरुण मालकानं मला हे वाक्य मोठ्या अभिमानानं ऐकवलं होतं. नवी दोरी भरली, नट आवळत नेले आणि ठिबक पूर्ण बंद केली. मी त्याला नट सैल करायला सांगितलं. तो म्हणाला, ‘परत आल्यावर करतो, आता बर्फ भरून झालाय.’

तिसऱ्या फेरीला, रात्री, जयगडच्या समोर बारा वाव (सुमारे सत्तर फूट) पाण्यात त्याच्या बोटीवरून वायरलेसवर हाक आली. मी तेव्हा शेजारच्या बोटीवर होतो. आम्ही बाजूला लागलो तेव्हा पाणी इंजिनच्या फ्लायव्हीलला, म्हणजे त्याच्या जड चाकाला, टेकलं होतं आणि फ्लायव्हील ते सगळीकडे उडवत होतं. अल्टरनेटर भिजून बंद, बॅटरी उतरलेली, पंप थांबलेला, खलाशी बादल्यांनी उपसत होते. इंजिनखोलीत जळक्या चरबीचा वास भरला होता. दोरी जळून तिचा भुगा झाला होता आणि तो पाण्याबरोबर बाहेर येत होता. बोट चालवणारा तांडेल अजूनही नट आवळत होता, पण ग्लँड पेटीच्या तोंडाला टेकलेली. आणखी आवळायला जागाच उरली नव्हती.

इंजिन बंद केलं. ग्लँड मागे सरकवली, त्याबरोबर पाण्याचा लोंढा वाढला. सुती दोरीच्या पेडांना ग्रीस चोपडून ते शाफ्टभोवती कोंबले, ग्लँड परत दाबली, वरून जुनी ट्यूब करकचून बांधली. पाणी उपशाच्या आटोक्यात आलं आणि पहाटे बोट ओढत बंदरात आणली. नंतर शाफ्ट काढला तर त्यावर नख अडकेल अशा तीन चरी. अशा शाफ्टवर कितीही भारी दोरी भरा, पाणी चरीतून येणारच. नवा शाफ्ट आणि भर हंगामात बोट आठ दिवस बांधलेली. नट वेळीच सैल केला असता तर यातलं काहीच घडलं नसतं.

माझी सवय सांगतो. नवी दोरी भरली की नट आधी नुसत्या हातानं बसवतो. पहिले दोन-तीन तास चांगलं ठिबकू देतो. मग नटाची एक बाजू, म्हणजे फेऱ्याचा सहावा हिस्सा, तेवढाच आवळतो. दोन्ही नट सारखे फिरवतो, आणि दोन्हीकडची फट पट्टीनं मोजतो, कारण ग्लँड तिरकी बसली की एका अंगानं शाफ्ट खाते. वीस मिनिटं थांबून पेटीला हात लावतो. कोमट चालेल. हात ठेववत नसेल तर लगेच सैल करायची. शेवटी चेकनट, म्हणजे पहिला नट सुटू नये म्हणून वरून कसायचा दुसरा नट, मारायचा, नाहीतर इंजिनच्या थरथरीनं सगळी मेहनत एका फेरीत सुटते. या कामाला अर्धा दिवस जातो. ‘दहा मिनिटांत करून द्या’ म्हणणाऱ्याचं काम मी घेत नाही.

जुन्यावर नवी रिंग

हा दुसरा आळस. पाणी वाढलं की ग्लँड मागे घ्यायची, पुढे एक नवी रिंग सारायची आणि वर दाबायचं. खाली जुन्या रिंगा दगडासारख्या झालेल्या असतात, त्या पाणीही अडवत नाहीत आणि दबतही नाहीत. सगळा भार एकट्या नव्या रिंगेवर. जुनी दोरी शेवटच्या धाग्यापर्यंत काढायची. त्यासाठी टोकाला स्क्रूसारखा पीळ असलेला आकडा मिळतो. सगळ्यात आतली रिंग हमखास तुटते आणि लोक तिथेच सोडून देतात. बॅटरी लावून पेटीचा तळ दिसेपर्यंत मी पुढे जात नाही.

स्प्रिंगसारखी सलग गुंडाळलेली दोरीही मी किती पेट्यांतून काढली असेल! अशी दोरी म्हणजे पाण्याला आत यायला केलेला गोल जिना. प्रत्येक रिंग वेगळी कापायची. त्याच मापाच्या शाफ्टच्या तुकड्यावर गुंडाळून तिरका छेद दिला की टोकं नीट जुळतात. एकावर एक रिंग ठेवताना सांधे एका रेषेत येऊ द्यायचे नाहीत, वर्तुळाच्या तिसऱ्या हिश्श्यानं सरकवायचे. आणि प्रत्येक रिंग स्वतंत्रपणे तळाला बसवायची.

दोरीचं माप डोळ्यानं घेऊ नका. पेटीचा आतला व्यास ७० मिमी, शाफ्ट ५० मिमी, तर उरले २०. त्याच्या निम्मी, म्हणजे १० मिमीची दोरी. जाड दोरी हातोडीनं ठोकून बसवणं म्हणजे गुन्हा आहे.

काळी ग्राफाइटची दोरी गोड्या पाण्याच्या पंपाला ठीक. खाऱ्या पाण्यात ग्राफाइट आणि धातू एकत्र आले की धातू खाल्ला जातो, अगदी स्टेनलेसचा शाफ्टसुद्धा.

शाफ्टला बोटीबाहेर आधार देणारं बेअरिंग रबराचं, पाण्यावर चालणारं असेल तर त्यात ग्रीस ढकलू नका.

रबरी होजनं (नळीनं) बोटीला जोडलेल्या पेटीला प्रत्येक टोकाला दोन-दोन क्लिपा हव्यात. चुंबक चिकटणारी क्लिप मी लावत नाही.

दोरी नवी, शाफ्ट गुळगुळीत आणि तरी महिन्याभरात पाणी सुरू होत असेल, तर दोरीला दोष देऊ नका. इंजिन आणि शाफ्ट एका रेषेत नाहीत किंवा बेअरिंग झिजलंय. शाफ्ट वाकडा फिरला की दोरीचं भोक अंडाकृती होतं. इथे घाई फार नडते, कारण लोक बोट किनाऱ्यावर असतानाच कपलिंग, म्हणजे इंजिन आणि शाफ्टचा सांधा, जुळवून मोकळे होतात. लाकडी बोट पाण्यात गेली की फुगते, तिचा आकार बदलतो. मी दोन दिवस बोट पाण्यात राहू देतो, मगच कपलिंगच्या दोन तोंडांमधली फट फिलर गेजनं (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) चार ठिकाणी बघतो. सहा इंची कपलिंगला चार बाजूंत ०.१५ मिमीहून जास्त फरक असेल तर इंजिनचे पाय हलवायलाच लागतात.

पावसाळ्यात बोट खाडीत पाण्यातच बांधून ठेवणाऱ्यांनी आठवड्यातून एकदा शाफ्ट हातानं थोडा फिरवावा. दोरीखाली पाणी साचून राहिलं की स्टेनलेसलाही आतून खड्डे पडतात, आणि ते दोरी काढेपर्यंत दिसत नाहीत. माझ्या डब्यात एक जादा दोरीचा संच, आकडा, दोन पाने, ग्रीस आणि जुन्या ट्यूबची पट्टी बारा महिने असते. तो डबा इंजिनखोलीच्या दाराशीच टांगायचा, कारण पाणी चढलं की फळ्यांखालची वस्तू हाती लागत नाही.